फ्रीज घेण्याआधी न्यूट्रल

नवीन फ्रीज, टीव्ही, एसी घ्यायचा म्हटलं की घरोघरी चर्चा होते ती किती लिटर, किती इंच, किती टन आणि किती स्टार याची. आमच्यावर ही सगळी खरेदी एकाच पावसाळ्यात करायची वेळ आली आणि ती मी उलट्या टोकाने केली. आधी मीटरची पेटी, मग अर्थिंग, मग घरातला बोर्ड आणि सगळ्यात शेवटी दुकान. खाडीकाठी, गावठाणात, जुन्या खांबांवरून लाईट घेणाऱ्या कुणालाही उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहिते आहे.

आम्ही बेलापूरच्या दिवाळे गावात राहतो. पत्ता नवी मुंबईचा, सीबीडीच्या काचेच्या इमारती इथून हाकेच्या अंतरावर. पण सेक्टरातली वीज आणि गावठाणातली वीज यांत फरक आहे. तिकडे केबल जमिनीखालून, सोसायटीची स्वतंत्र मीटररूम. इकडे घराला घर लागलेलं. एक मजल्याचे दोन झाले, दोनाचे चार झाले, प्रत्येक मजल्यावर एसी आला आणि सगळा भार त्याच खांबांवर, त्याच डीपीवर, म्हणजे वस्तीच्या ट्रान्सफॉर्मरवर. उन्हाळ्यात संध्याकाळी सात वाजले की लाईट डीम-फूल व्हायला लागते. वर खारा वारा. तारेच्या जोडावर हिरवा गंज चढायला इथे फार काळ लागत नाही.

जूनच्या शेवटी एका रात्री लाईट गेली, आली, पुन्हा गेली. तिसऱ्यांदा आली तेव्हा बल्ब पांढरेफटक झाले, पंख्याचा आवाज एकदम चढला आणि टीव्हीच्या मागून फट्‌ असा आवाज येऊन जळका वास सुटला. सासऱ्यांनी धावत जाऊन मेन पाडला. तेवढ्या वेळात टीव्ही, सेटटॉप बॉक्स, राउटरचा अडॅप्टर आणि फ्रीजचं कार्ड, म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड, गेलं होतं. पलीकडच्या काकूंकडे नेमकं उलटं झालं. त्यांचे बल्ब लालसर झाले, पंखा रेंगाळायला लागला. त्यांचं काहीच जळलं नाही. एकाच गल्लीत, एकाच क्षणी एका घरात लाईट जास्त आणि दुसऱ्यात कमी, हे लक्षण नीट ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

सकाळी आमचे नेहमीचे वायरमन काका आले. खांबाकडे बघूनच म्हणाले, "वहिनी, न्यूट्रल तुटला."

न्यूट्रल तुटणं म्हणजे काय, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट समजलं. खांबावरून तीन फेज आणि एक न्यूट्रल येतो. प्रत्येक घर एका फेज आणि न्यूट्रलमध्ये जोडलेलं असतं, म्हणून घरात २३० व्होल्ट मिळतात. दोन फेजमधला दाब मात्र ४०० व्होल्टच्या आसपास असतो. मधला न्यूट्रल तुटला की वेगवेगळ्या फेजवरची घरं एकापुढे एक जोडली जातात आणि ते ४०० व्होल्ट आपसात वाटून घेतात. ही वाटणी सारखी होत नाही. ज्या घरात भार जास्त, त्याच्या वाट्याला व्होल्टेज कमी. ज्या घरात भार कमी, त्याच्या डोक्यावर उरलेलं सगळं. दोनच घरं धरून हिशेब केला तर एका घरात २००० वॅटचा गिझर चालू आणि दुसऱ्यात मिळून २०० वॅट, असं असेल तर दुसऱ्या घराच्या वाट्याला साडेतीनशेच्या वर व्होल्ट येतात. त्या रात्री काकूंकडे एसी चालू होता. आमच्याकडे फक्त टीव्ही, फ्रीज, पंखे.

टीव्ही दुरुस्त होतो का बघायला नेला, तेव्हा कारागिराने मागचं झाकण उघडून मला एक फुगलेलं, वर तडकलेलं कॅपॅसिटर दाखवलं. त्यावर ४५० व्होल्ट छापलेलं होतं. मी विचारलं, साडेतीनशे आले तर साडेचारशेचं का फुटलं? तो म्हणाला, ताई, कार्डात एसीचं डीसी होतं आणि ते एसीच्या शिखराएवढं चढतं, म्हणजे सुमारे १.४ पट. साडेतीनशेचे जवळपास पाचशे होतात. टीव्ही, फ्रीज, वॉशिंग मशीन, एलईडी दिवे, मोबाइलचा चार्जर, बहुतेकांच्या पोटात आता असंच कार्ड आहे. आमच्या सासूबाईंचा जुना सिंगल डोअर फ्रीज कितीतरी वर्षं धडधडत चालला, कारण त्यात कार्डच नव्हतं.

नुकसानभरपाईचं थोडक्यात सांगते. १९१२ वर तक्रार नोंदवून तिचा क्रमांक घेतला, जळलेल्या वस्तूंचे फोटो काढले, कारागिराकडून लेखी घेतलं, गल्लीतल्या घरांनी मिळून अर्ज दिला. वीज कायदा २००३ प्रमाणे ग्राहकासाठी गाऱ्हाणे निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. हा रस्ता आहे आणि तो धरावा, पण त्याच्या भरवशावर फ्रीज घ्यायचा थांबता येत नाही. घराच्या विम्याचंही तसंच. २०२१ पासून सगळ्या कंपन्या 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी देतात. तिच्यात आग, पूर, वादळ येतं. पण विजेच्या जास्त दाबाने किंवा शॉर्टसर्किटने खुद्द जे यंत्र जळतं, त्याची भरपाई मूळ पॉलिसीत नाही. ती वेगळी जोडून घ्यावी लागते. पॉलिसी घेताना हा प्रश्न स्पष्ट विचारावा.

वायरमन काकांना मी विचारलं, फ्रीज कुठला घेऊ? ते म्हणाले, "ते दुकानदार सांगेल. तुम्ही आधी आठवडाभर व्होल्टेज लिहून काढा." प्लगमध्ये खोचायचा, आकडा दाखवणारा छोटा मीटर मिळतो, दोन-चारशे रुपयांत. तो स्वयंपाकघरात लावला आणि शेजारी कॅलेंडरवरच आकडे लिहायला लागले. दुपारी २२० ते २३०. संध्याकाळी सगळे घरी आले की २०० च्या खाली, आणि उकाड्याच्या एका रात्री १८०. पहाटे चार वाजता, सगळं बंद असताना २४५. हे आकडे हातात आल्यावर दुकानातल्या माणसाशी बोलणंच बदललं. "आमच्याकडे व्होल्टेजचा प्रॉब्लेम आहे" असं म्हटलं की तो सरळ एक स्टॅबिलायझर गळ्यात मारतो. "संध्याकाळी १८० येतं, पहाटे २४५ येतं" असं म्हटलं की त्याला यंत्राच्या पाटीवरची रेंज वाचून दाखवावी लागते.

मग अर्थिंग. काकांनी हॉलमधल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये आधी मीटर धरला. फेज ते न्यूट्रल २१८, फेज ते अर्थ १६० च्या आसपास, आणि न्यूट्रल ते अर्थ पन्नासच्या वर. शेवटचा आकडा दोन-तीन व्होल्टच्या आत असायला हवा. मग त्यांनी शंभर वॅटचा जुना बल्ब होल्डरला दोन वायरी लावून आणला आणि फेज व अर्थ यांच्यामध्ये धरला. तो पूर्ण पेटायला हवा होता. आतली तार नुसती लालसर झाली. (हा प्रयोग वायरमननेच करायचा. घरच्या माणसांनी अजिबात नाही.) मागच्या बाजूला जाऊन पाहिलं तर हिरवी वायर भिंतीतून उतरून पाण्याच्या जुन्या पाइपला गुंडाळलेली. पुढे तो पाइप प्लॅस्टिकचा झालेला. म्हणजे घरात कुठेही करंट उतरला तर त्याला जमिनीत जायला वाटच नव्हती, आमच्या अंगातून सोडून.

मोरीच्या मागे खड्डा घेतला. पहिल्या घरमालकांच्या वेळचा लोखंडी पाइप तिथे सापडला. वरून पाइप वाटत होता, हातात घेतला तर पापुद्रे सुटून आले. खाडीकाठच्या जमिनीचं हे आहे. मातीत मीठ आणि ओल असल्यामुळे अर्थिंग चांगलं लागतं, रोध कमी येतो, पण तेच मीठ लोखंड खाऊन टाकतं. पूर्वी खड्ड्यात मुद्दाम मीठ आणि कोळसा भरायचे. आमच्याकडे काकांनी मीठ टाकू दिलं नाही. तांब्याचा थर दिलेला दहा फुटी रॉड ठोकला, भोवती तयार मिळणारी पावडर भरली, वर झाकणाची पेटी बसवली, म्हणजे जोड दरवर्षी उघडून बघता येतो. नंतर मोजलं तेव्हा न्यूट्रल ते अर्थ दीड व्होल्ट आला. बल्ब झगझगीत पेटला. सासूबाई बाजूला उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी सांगितलं, वॉशिंग मशीनला ओला हात लागला की मुंग्या यायच्या, वर्षानुवर्षं, आणि त्यांना वाटायचं मशीन असंच असतं. हे ऐकून मला टीव्ही जळल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.

बोर्डाचं सामान घ्यायला आम्ही मुंबईला लोहार चाळीत गेलो. बेलापूरहून हार्बरने सरळ सीएसएमटी आणि तिथून चालत. इलेक्ट्रिकच्या सामानाची ती गल्ली म्हणजे वायरमन लोकांची पंढरीच. इथे जे घेतलं त्याबद्दल थोडं थांबून सांगते, कारण बहुतेकांचा समज असतो की एमसीबी, म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा स्विच, लावली म्हणजे घर सुरक्षित. एमसीबी फक्त करंट जास्त झाला किंवा शॉर्ट झालं तर पडते. व्होल्टेज ३५० झालं तरी ती शांत बसून राहते. त्या रात्री आमची एकही एमसीबी पडली नव्हती.

म्हणून तीन गोष्टी. पहिली आरसीसीबी, ३० मिलिअँपिअरची. ती माणसासाठी. गेलेला करंट आणि परत आलेला करंट यात एवढासा फरक पडला तरी ती क्षणात तोडते. दुसरी एसपीडी, म्हणजे कडाडून वीज पडली किंवा लाईन जोडताना क्षणभराचा मोठा झटका आला तर तो अर्थमध्ये वळवणारं उपकरण. त्यावर छोटी खिडकी असते, हिरवी असेपर्यंत ठीक, लाल झाली की आतलं काडतूस बदलायचं. अर्थिंग खराब असेल तर एसपीडीचा काही उपयोग नाही, म्हणून ती खड्ड्यानंतर. आणि तिसरी, आमच्या दुखण्यावरचं खरं औषध: ओव्हर-अंडर व्होल्टेज रिले. बोटभर रुंदीच्या दोन एमसीबींएवढं यंत्र, मेनच्या लगेच पुढे बसतं, समोर आकडा दाखवतं. वरची मर्यादा ओलांडली की अख्ख्या घराची लाईन तोडतं. आम्ही वर २६५ आणि खाली १७० ठेवलं. खालची मर्यादा अजून वर नेली असती तर उन्हाळ्यात रोज संध्याकाळी घर अंधारात गेलं असतं. यांना किंमत पडली, पण तिन्ही मिळून जे गेले ते नुसत्या टीव्हीपेक्षा कमीच होते.

त्या रिलेत एक वेळ लावायची सोय असते: लाईट परत आल्यावर किती वेळाने घर जोडायचं. तिथे तीन मिनिटं ठेवली. मुलं सुरुवातीला वैतागली. समोरच्याकडे लाईट आली, आपल्याकडे का नाही? कारण फ्रीज आणि एसी. कॉम्प्रेसर बंद पडला की आतल्या गॅसचा दाब दोन्हीकडे सारखा व्हायला काही मिनिटं लागतात. त्याआधीच पुन्हा सुरू करायला गेलं की मोटर जागेवर अडून राहते आणि नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. जुन्या फ्रीजमागून 'टिक' असा आवाज येऊन तो गप्प व्हायचा, थोड्या वेळाने पुन्हा 'टिक', तो हाच प्रकार. शिवाय लाईट येते तेव्हा पहिल्या मिनिटाला ती दोन-तीनदा जा-ये करतेच. ती धांदल संपेपर्यंत आपण बाहेर थांबलेलं बरं.

बोर्ड भरताना काकांनी प्रत्येक स्क्रू स्वतः आवळला आणि न्यूट्रलच्या पट्टीवर एका भोकात एकच वायर घेतली. मीटरकडून येणाऱ्या न्यूट्रलला थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी, मारलं. "खांबावरचा न्यूट्रल तुमच्या हातात नाही," ते म्हणाले, "पण तीन फेजच्या घरात आतला सैल राहिला तर तेच सगळं घरातल्या घरात होईल." तीन फेजचं कनेक्शन असलेल्या घरांनी हे वाक्य लक्षात ठेवावं.

एवढं झाल्यावर आम्ही वाशीला दुकानात गेलो. फ्रीजचा स्टार मी नाकारत नाही. त्या पिवळ्या-लाल लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते ताऱ्यांपेक्षा जास्त खरं सांगतात, आणि दोन फ्रीजची तुलना करायची तर त्याच आकड्याने करावी. पण मी आधी दार उघडून आतल्या पाटीवरची व्होल्टेजची रेंज वाचली. दुकानातल्या मुलाने 'स्टॅबिलायझर-फ्री' या स्टिकरवर बोट ठेवलं. त्या शब्दांचा अर्थ एवढाच की व्होल्टेज बरंच खाली गेलं किंवा थोडं वर गेलं तरी फ्रीज चालत राहील. साडेतीनशे आले तर तो वाचेल असा त्याचा अर्थ नाही. वॉरंटीचंही तसंच. पोस्टरवर मोठ्या अक्षरात दहा वर्षं लिहिलेली असतात, ती कॉम्प्रेसरची. पूर्ण यंत्राला एकच वर्ष, आणि जळतं ते कार्ड. कागदावर बारीक अक्षरात विजेच्या दाबामुळे झालेला बिघाड वगळलेला असतो. मी तो परिच्छेद तिथेच उभी राहून वाचला, मग पैसे दिले.

आमचा फ्रीज फ्रॉस्ट-फ्री, इनव्हर्टर कॉम्प्रेसरचा घेतला. त्याची रेंज आमच्या १८० ला पुरेशी खाली होती, म्हणून वेगळा स्टॅबिलायझर घेतला नाही. एसीसाठीही नाही. तिथे मी जास्त लक्ष दिलं ते बाहेरच्या युनिटकडे: कॉइल तांब्याची आणि तिला गंजरोधक थर दिलेला. खाडीचा वारा साध्या पत्र्याला टिकू देत नाही. बसवणाऱ्या मुलांना बाहेरच्या कार्डाच्या पेटीची भोकं नीट बुजवायला सांगितलं. पाली उबेला आत शिरतात आणि कार्डावर दोन टोकांना चिकटून शॉर्ट करतात. हे ऐकून हसू येतं, पण एसी दुरुस्त करणाऱ्या कुणालाही विचारा. एसीला बोर्डापासून स्वतंत्र चार स्क्वेअर एमएमची वायर आणि स्वतंत्र एमसीबी. मंजूर भारही वाढवून घेतला. ते न करता दोन एसी लावले की आपल्या सर्व्हिस वायरवर आणि शेजाऱ्यांच्या व्होल्टेजवर त्याचा परिणाम होतो.

वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक. सासूबाईंची निवड, आणि मला पटलेली. चावीचा टायमर, कार्ड नाही, लाईट गेली तर कपडे बाहेर काढून हाताने पिळता येतात.

टीव्ही आणि राउटरसाठी लोक 'स्पाइक बस्टर' म्हणून पट्टी घेतात. त्यातल्या बऱ्याच नुसत्या एक्स्टेन्शन बोर्ड असतात, लाल बटण असलेल्या. घेताना त्यावर सर्ज किती ज्यूलपर्यंत झेलते ते लिहिलंय का बघा. नसेल लिहिलं तर ती साधी पट्टी समजून घ्या.

इनव्हर्टरबद्दल. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी मुंबई, ठाणे, नवी मुंबई सगळीकडची वीज एकदम गेली होती. कळवा आणि पडघा यांच्यामधल्या ४०० केव्हीच्या मोठ्या वाहिन्यांपासून ते सुरू झालं. लोकल जागच्या जागी थांबल्या. पुढच्या वर्षी मेमध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हापासून घरात इनव्हर्टर हवा हे ठरलेलंच होतं. घेतला तो साइन वेव्हचा आणि सोबत १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी. हिशेब असा: १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-अवर, त्यातले हाताला लागणारे बाराशे-तेराशे धरावेत. जुना पंखा ७५ वॅट खातो, नवा बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, तीसच्या आसपास. तीन पंखे बदलल्यावर दिवे आणि राउटर धरून आमचा भार १४० वॅटच्या आत आला आणि बॅटरी रात्रभर पुरते. जुन्या पंख्यांवर ती निम्म्या रात्रीत बसली असती. म्हणजे दुसरी बॅटरी घेण्याऐवजी पंखे बदलणं स्वस्त पडलं.

इनव्हर्टर जोडल्याबरोबर आरसीसीबी पडायला लागली. कंपनीकडून जोडायला आलेल्या मुलाने "ही आरसीसीबीच काढून टाका" असा सल्ला दिला. काकांनी ते होऊ दिलं नाही. इनव्हर्टरवरच्या खोल्यांचा न्यूट्रल आणि बाकी घराचा न्यूट्रल एका पट्टीवर एकत्र झाला होता. तो वेगळा केला आणि पडणं थांबलं. कुणी आरसीसीबी काढायला सांगितली तर त्याच्याकडून न्यूट्रल वेगळे करून घ्या.

हे सगळं आटपत आलं तेव्हा घारापुरीहून आत्यांचा फोन आला. आत्या म्हणजे सासऱ्यांची बहीण, शेतबंदरला दिलेली. लेण्यांच्या पायऱ्यांवर त्यांचं ताक, काकडी, थंड पाण्याचं दुकान. आपल्याला घारापुरी म्हणजे सहलीचं ठिकाण. पण तिथे माणसं राहतात, शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर अशी तीन गावं आहेत, आणि वीज पोचली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून टाकलेल्या सुमारे साडेसात किलोमीटरच्या केबलने. त्याआधी संध्याकाळी तीनेक तास जनरेटर चालायचा, तेवढीच लाईट. आत्यांचं सगळं आयुष्य फ्रीजशिवाय गेलं. केबल आल्यावर घेतलेला नातेवाइकांचा जुना फ्रीज आता बंद पडला होता.

"मना त्यो काचंच्या दाराचा नको गो," त्या म्हणाल्या. "सादाच आन. बंद पडला तं कोन येनार हितं?"

त्यांनी एका वाक्यात मुद्दा सांगितला होता. दुकानात मी विचारलं, घारापुरीला सर्व्हिसचा माणूस येतो का? कुणीच सरळ उत्तर देईना. बेटावर मोटार नाही, रस्ता नाही, पेटी घेऊन होडीने यायचं. आणि तिथे लाईट गेली तर ती कधी येईल याचा अंदाज वेगळा असतो. गल्लीतल्या खांबावर चढून जोड मारणं एक आणि समुद्रतळाच्या केबलमधला दोष शोधणं दुसरं. म्हणून त्यांच्यासाठी डायरेक्ट कूल, एका दाराचा, कार्ड नसलेला फ्रीज घेतला. त्यात बर्फ साचतो, तो महिन्याकाठी वितळवावा लागतो, पण बेटावर तोच बर्फ कामाचा. लाईट गेली की तीच थंडी. फ्रीजचं दार बंद ठेवलं तर आतलं साधारण चार तास टिकतं. फ्रीझर पाण्याच्या बाटल्यांनी भरून बर्फ करून ठेवला तर आणखी पुष्कळ वेळ. आत्यांना ते सांगावं लागलं नाही, ताकाच्या हंड्याभोवती बर्फ लावायची त्यांना जन्माची सवय. सोबत फ्रीजचा स्टॅबिलायझर, तीन मिनिटांच्या विलंबाचा, कारण तिथे अख्ख्या घराचा बोर्ड बदलण्याआधी निदान फ्रीज तरी वाचायला हवा.

नेला आमच्याच होडीतून, भरतीची वेळ बघून दिवाळ्याच्या बंदरावरून. फ्रीज उभाच न्यायचा हे दिरांना बजावलं होतं. आडवा केला तर कॉम्प्रेसरमधलं तेल गॅसच्या नळीत उतरतं. पुठ्ठ्याचं खोकं काढू दिलं नाही, वरून ताडपत्री, दोन बाजूंना गोण्या आणि डोलकाठीला दोर. शेतबंदरच्या जेट्टीवरून घरापर्यंत चौघांनी बांबूला बांधून नेला. वाटेत माकडं मागे लागली, त्यांना खोक्यात खाऊ आहे असं वाटलं असावं. घरी नेऊन ठेवल्यावर आत्यांना लगेच चालू करायचा होता, शेजारणी जमल्या होत्या, पूजेचं ताट तयार. मी सांगितलं, होडीत हलला आहे, संध्याकाळपर्यंत तसाच उभा राहू दे, तेल खाली बसू दे. नारळ तेव्हाच फुटला, बटण मात्र दिवेलागणीला दाबलं. स्टॅबिलायझरवर १९६ आकडा आला, तीन मिनिटं तो लुकलुकत राहिला, मग कॉम्प्रेसर घुमला. तोवर कुणी काही बोललं नाही.

आत्या आता रोज आकडा बघतात. फोन केला की तब्येतीच्या आधी तो सांगतात: "आज दोनशे दहा हाय." दीडशेच्या खाली गेला तर प्लग काढायचा, हे त्यांनी स्वतःच ठरवलं आहे.

दुकानावर आइस्क्रीमसाठी डीप फ्रीझर घ्यायचा त्यांचा विचार आहे. त्याला मात्र मी अजून हो म्हटलेलं नाही. लेणी ज्या दगडात कोरली आहेत तोच काळा बेसॉल्ट सगळ्या बेटाखाली आहे. अर्थिंगचा रॉड दहा फूट जाईल अशी माती दुकानापाशी नाही. वायरमन काका म्हणतात, खाली घराजवळच्या माडांच्या वाफ्यात ओल आहे, तिथे रॉड उतरेल आणि तिथून दुकानापर्यंत वायर नेता येईल. लेणी सोमवारी बंद असतात आणि दुकानही. पाऊस उघडला की एखाद्या सोमवारी काकांना घेऊन जाणार आहोत. खड्डा झाला, मीटर लावून न्यूट्रल-अर्थ मोजला, की मग फ्रीझरच्या किमती विचारायला वाशीला जाऊ.